सीझन पासवाल्या बाई

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या स्टाफरूममध्ये दोन प्रश्न हमखास यायचे. एक, सहामाहीचे पेपर कुणाचे तपासून व्हायचे राहिलेत. हा मुख्याध्यापक विचारत. दुसरा, यंदा काश्मीरात लिफ्टचं तिकीट कितीला झालं. हा पी.टी.च्या बाई विचारत आणि उत्तरही त्याच देत, कारण दुसऱ्या कुणाला ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवायची, मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा आणि म्हणायचं, "वाढवलानी मेल्यांनी. परत वाढवलानी. बर्फ काय ह्यांच्या बापसाने पाडलान?"

रत्नागिरीत बर्फाचा संबंध फक्त मासळीशी. बंदराजवळ बर्फाचे कारखाने आहेत, तिथल्या लाद्या फोडून पेट्यांत भरतात आणि त्यावर सुरमई निजवतात, एवढंच आम्हाला माहीत. पण बाई कॉलेजात असताना कुठल्याशा सरकारी शिबिरात काश्मीरला गेल्या होत्या. तिथे पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायला त्यांना शिकवलं, आणि त्या दिवसापासून बाईंचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. वर्षभर पैसे साठवायचे आणि जानेवारीत रजा टाकून घसरायला जायचं. सोनं नाही, फ्लॅट नाही, गाडी नाही. साठवणीतला मोठा वाटा जाई तो लिफ्टला, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याला.

"खाली यायला कोण पैसे घेत नाय," त्या समजावून सांगत. "पैसे पडतात ते वर जायचे."

गणिताचे सर वह्या तपासता तपासता मान वर न करता म्हणत, "बाई, वर जायचं तिकीट सगळ्यांचंच निघालेलं आहे."

"तुमचं कन्फर्म आहे. आमचं वेटिंगवर," बाई म्हणत.

मी बार्शीची. विज्ञान शिकवायला म्हणून या शाळेत लागले तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी मला विचारलं होतं, "तू तिकिटाची काय पासाची?" मला वाटलं बसबद्दल विचारतायत. मी म्हणाले, चालतच येते. त्यावर त्या पोटभर हसल्या आणि नंतर आठवडाभर भेटेल त्याला ते सांगत सुटल्या.

तर त्याचा अर्थ असा. लिफ्टला दर खेपेचं वेगळं तिकीट काढता येतं, नाहीतर अख्ख्या सीझनचा पास काढता येतो. तिकीटवाला दर वेळी खिडकीशी उभा राहून विचार करतो, जाऊ की नको, मगाशी नीट जमलं नाही, आता पैसे फुकट गेले तर. पासवाला एकदाच रडतो, पैसे भरताना. मग तो पडला काय, लोळला काय, कपडे झटकून पुन्हा रांगेत हजर. "म्हणून पासवाला घसरायला शिकतो. तिकीटवाला नुसता हिशोब शिकतो," असं बाईंचं म्हणणं. आणि हे त्या फक्त बर्फापुरतं ठेवत नसत. मुख्याध्यापक तिकिटाचे, कारण अर्ध्या दिवसाची रजा दिली तरी पुढचे सहा महिने तिची आठवण करून देतात. शाळेचा शिपाई पासाचा, त्याला काहीही, कधीही सांगा. मी एकदा विचारलं, आणि लग्न? बाईंनी स्वतः केलं नव्हतं, पण मत तयार होतं. "लोक पास काढतात नि वापरतात तिकिटासारखा," त्या म्हणाल्या आणि मैदानावर निघून गेल्या. 

मासळीसुद्धा त्या पासावर घेत. बंदरावरच्या एका मासेवालीला त्यांनी सीझनच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम देऊन टाकलेली असे. घासाघीस नाही, निवडणं नाही, ती देईल ते पिशवीत घ्यायचं आणि चालायला लागायचं. शेजारच्या बायका तिला म्हणत, असलं गिऱ्हाईक सापडलंय तर दे ना शिळा बांगडा. ती वैतागून म्हणायची, "कसा देऊ गो? तिनं पैसं आधीच दिलान. आता वायट मासा दिला तर मला रातची झोप नाय लागायची." मग ती बाईंसाठी चांगला मासा बाजूला काढून झाकून ठेवत असे. समुद्राला उधाण येऊन होड्या चार दिवस बाहेर पडल्या नाहीत तर तीच तोंड पाडून सुकी मासळी घेऊन बाईंच्या दारात उभी राही.

बाईंचं घर आरे-वारेच्या रस्त्यावर. घरामागे चढ आणि चढाच्या वर कातळाचा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ. पावसाळ्यात त्या चढावर कमरेएवढं गवत वाढतं आणि दिवाळीनंतर वाळून ते इतकं गुळगुळीत होतं की चप्पल घालून चालता येत नाही. पोफळीच्या झावळीचा बुडाकडचा रुंद, जाड भाग असतो, त्याला विरी म्हणतात. तिच्यावर बसून असल्या गवतावरून घसरायचं हे कोकणातल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. बाई बसत नसत. त्या उभ्या राहत. हर्णैच्या एका होड्या बांधणाऱ्या सुताराकडून त्यांनी फळ्यांच्या दोन जोड्या करून घेतल्या होत्या. त्याने आयुष्यभर होड्याच केल्या असल्यामुळे फळ्यांची टोकंही नाळेसारखी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकासारखी, वर वळवली होती. त्या पायाला बांधायच्या, खालून खोबरेल तेल चोपडायचं आणि पदर खोचून, हो, सुट्टीच्या दिवशी नऊवारीतसुद्धा, सुसाट खाली.

बघता बघता आसपासची सगळी पोरं तिथे जमायला लागली. बाईंनी लगेच लिफ्ट सुरू केली. म्हणजे असं की चढाच्या वरच्या अंगाला त्यांनी हापूसची नवी कलमं लावली होती आणि विहीर होती खाली. प्रत्येक खेपेला वर चढताना पाण्याचा एक कॅन न्यायचा, हे तिकीट. ज्याला पास हवा त्याने एक कलम आपल्या नावावर करून घ्यायचं आणि पाऊस लागेपर्यंत रोज त्याला पाणी घालायचं. मग दिवसभर रिकाम्या हातांनी कितीही वेळा वर जा, कुणी विचारणार नाही.

एक बाप भांडायला आला. बोटीवर काम करणारा, सुट्टीवर घरी आलेला, दणकट माणूस. "माझ्या पोराला पाणी भरायला लावता? कायद्यानं चालतं काय हे?"

"तुमचा पोर माझ्या गवतावर घसरतो, त्याचं काय?" बाई म्हणाल्या. "काश्मीरात जाऊन बघा लिफ्टला काय पडतात ते. इथं मी पाण्यावर सोडत्ये."

"एवढं काय आहे त्या घसरण्यात?"

बाईंनी त्याच्या हातात कॅन दिला. तो गुश्शातच वर गेला, कलमाला पाणी घातलं, पोराची विरी मागून घेतली आणि खाली आला तेव्हा त्याची पँट मागून पार गेली होती. दुसऱ्या दिवशी तो जुनी हाफपँट घालून आला. बोटीवर परत जाईपर्यंत रोज येत होता.

मी मात्र तिथे जात नसे. मी कुठेच जात नसे. माझं लग्न वर्षभरात मोडलं होतं, आणि ते कसं मोडलं हे इथे सांगण्यासारखं काही नाही. बार्शीत राहून लोकांच्या नजरा नकोत म्हणून मी मिळाली ती नोकरी धरून इतक्या लांब आले होते. शाळा ते खोली आणि खोली ते शाळा. खोली भाड्याने घेताना, गॅस घेताना, डॉक्टरकडे जाताना सगळे एकच विचारत, "एकट्याच का?" त्यात कुणाचा वाईट हेतू नसायचा. पण दर वेळी मला आत कुठेतरी कुसळ टोचल्यासारखं व्हायचं.

दादा दर रविवारी फोन करायचा. माझा मोठा भाऊ. माणूस वाईट नाही, माझ्यावर जीव आहे त्याचा. "बास झालं की आता. किती दिवस राहतीस तिथं एकटी? हितं शाळेत जागा निघालीय, मी बोलून ठेवलंय. एक स्थळ पण बघितलंय, माणूस चांगलाय." मी गेले असते तर दादाच्या घरातली मधली खोली आणि दादाने ठरवलेला माणूस, यापलीकडे मला काही उरलं नसतं. हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी हो म्हणाले. नाही म्हणायला जो जोर लागतो तो अंगात नव्हता. जानेवारीअखेर राजीनामा देते, असं त्याला सांगून टाकलं.

स्टाफरूममध्ये बातमी कळली तेव्हा सगळे हळहळले. बाई एवढंच म्हणाल्या, "राजीनामा महिन्याच्या शेवटाला ना? मग चालेल. त्याच्या आधी आपण काश्मीरला जाऊन येऊ. शिबिराचे तुझे पैसे मी भरलेत."

"कधी?"

"झाले दोन महिने. वर्षभर दोघींचं साठवत होत्ये."

"मला विचारायचं तरी, बाई."

"विचारलं असतं तर नाय म्हणाली असतीस," बाई म्हणाल्या.

त्यानंतर माझी रवानगी रोज शाळा सुटल्यावर त्या चढावर. मी पडले, खरचटले, पोरं हसली, मी रडकुंडीला आले. बाई हात देत नसत, लांबून शिट्टी वाजवत. थंडीची सवय व्हावी म्हणून एका शनिवारी त्या मला बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेल्या आणि स्वेटर, कानटोपी, मोजे अशा थाटात फोडलेल्या बर्फावर उभं केलं. तिथला माणूस पेट्या भरायचा थांबून बघत राहिला. "बाई, कोणत्या बोटीला जायच्यात ह्या?" असं त्याने शेवटी विचारलं. हसू आवरेना म्हणून मी तोंडावर हात धरला. किती दिवसांनी हसले होते ते मला आठवेना.

बाई आता निवृत्त होऊन पनवेलला भाचीकडे असतात. गुडघ्यांनी दगा दिलाय, पण लिफ्टचे भाव अजून बघतात आणि मला फोन करून मेल्यांना शिव्या घालतात. मागे एकदा मी फोनवर त्यांचे आभार मानायला लागले, तर मध्येच तोडून म्हणाल्या, "दर वेळी तिकीट काढल्यासारखे आभार मानू नको. एकदाच काय ते मान नि गप बस." म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ केलं, पण न विचारता, न मोजता केलं ते बाईंनी. त्यांची मी फार फार ऋणी आहे.

तर काश्मीर. बाईंच्या सामानात फणसपोळी, कोकमं, मेतकूट आणि खोबरेल तेलाची मोठी बाटली. गवतावर ज्याने काम होतं त्याने बर्फावर का होऊ नये, हा यंदाचा नवा विचार. आजवर बाई दुकानातून मेण लावून मिळालेल्या फळ्यांवरच घसरल्या होत्या. शिबिरात पहिल्या दिवशी भाड्याच्या दुकानातून फळ्या मिळाल्या. बाईंनी बाटली उघडली तर तेलाचा नुसता दगड. आम्ही कोकणातून गेलेल्या, तेल थिजलेलं कधी बघितलंय? बाईंनी शिकवणाऱ्या उस्तादाची कांगडी, म्हणजे ऊब घ्यायची निखाऱ्यांची टोपली, मागून घेतली, तिच्या निखाऱ्यावर बाटली धरून तेल पातळ केलं आणि दोघींच्या फळ्यांना सढळ हाताने चोपडलं. मग आम्ही उतारावर उभ्या राहिलो. आणि उभ्याच राहिलो. तेल जागच्या जागी गोठलं, वर बर्फ चिकटला, आणि आम्ही दोघी चौकातल्या पुतळ्यांसारख्या. बाकीचे सगळे आमच्या दोन्ही बाजूंनी घसरत गेले. उस्ताद वर चढून आला, फळी उलटी करून बोट लावलं, वास घेतला आणि फार अदबीने म्हणाला, "मॅडम, ये तो बालों में लगाते हैं."

दुकानदार तितका अदबशीर नव्हता. फळ्या खरवडून पुन्हा मेण लावायचे त्याने जे पैसे लावले त्यात आमचे लिफ्टचे निम्मे पैसे गेले. बाईंनी भाववाढ धरली होती, खोबरेल धरलं नव्हतं.

शिकाऊ उतारावर लिफ्टची गरज नव्हती. शेवटच्या दिवशी मात्र मोठ्या डोंगरावर जायचं होतं, ज्याने त्याने आपलं तिकीट काढून. खिडकीशी गेलो तर भाव बाईंच्या अंदाजाच्याही वर. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड फोन तिथे चालत नाहीत, त्यामुळे आमचे दोघींचे बंद, कुणाकडून पैसे मागवायचीही सोय नाही. पैशाचं मशीनही बंद होतं. परतीच्या प्रवासातल्या जेवणाचे पैसे बाईंनी आतल्या खिशात शिवून ठेवलेले, त्याला हात लावायचा नाही. उरले ते एका माणसाच्या एकेरी तिकिटाचे.

"तुम्ही जा, बाई," मी म्हणाले. "मी खाली चहा पीत बसते. मी तशीही आता बार्शीला जाणारच आहे."

मला खरं तर सुटल्यासारखंच वाटलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, तेव्हा पाहिल्या. त्यांनी तिकीट काढलं आणि माझ्या हातात कोंबलं.

"तू पाळण्यातून जा. मी चालत येत्ये."

"एवढा डोंगर?"

"पायवाट आहे. लोक जातात. वरती थांब, मी आल्याबिगर उतरायचं नाय." फळ्या खांद्यावर टाकून त्या चालायलाही लागल्या. लाल कानटोपी, गळ्यात शिट्टी, वय पन्नाशीच्या पुढे.

पाळण्यात माझ्यासमोर एक जोडपं होतं, दिल्लीकडचं असावं. दार बंद झालं, पाळणा हलला, आणि त्यातल्या बायकोने हसून विचारलं, "अकेली आई हैं आप?"

तोच प्रश्न. मी काचेतून खाली बघितलं. सूचिपर्णी झाडांमधून, पाळण्याच्या तारेच्या बाजूबाजूने वर जाणाऱ्या वाटेवर एक लाल ठिपका दिसत होता. चार पावलं चालायचा, थांबायचा, खांद्यावरच्या फळ्या सारख्या करायचा, पुन्हा चालायचा. आम्ही त्याच्या डोक्यावरून गेलो. मला रडू फुटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

"नहीं," मी तिला म्हणाले. "वो देखिए. वो मेरे साथ हैं."

तिने खाली वाकून बघितलं, नवऱ्याला दाखवलं, आणि मग वरती पोचेपर्यंत आम्ही तिघंही त्या लाल ठिपक्याकडेच बघत होतो.

बाई वर यायला दुपार झाली. तोपर्यंत मी त्या कठड्याजवळून हलले नाही. पाळण्यामागून पाळणे येत होते, लोक उतरून फोटो काढत होते, आणि माझा जीव खालच्या वाटेवर टांगलेला. त्या आल्या तेव्हा तोंड पिकल्या रातांब्यासारखं लाल झालेलं, श्वास लागलेला. फळ्या बर्फात खोचल्या आणि आधी विचारलं, "सगळं नीट बघितलंस ना? तिकीट वाया नाय घालवलंस?"

"तुम्हालाच बघत होते."

"कर्म माझं. त्यासाठी एवढे पैसे कशाला भरायचे? मी रोज शाळेत दिसत्ये की."

मग आम्ही उतरलो. मी पडले, बाई पडल्या, एकदा दोघी एकमेकींवर पडलो. मी उठायला वेळ लावला की खालून शिट्टी यायची. डोंगर मोठा होता आणि मला भीती वाटत होती, पण मी माघार घेतली नाही. मधल्या एका लांब उतारावर तर काही वेळ मी खरोखर घसरत होते, नीट, उभी, आणि वारा कानात भरत होता.

खाली आल्यावर उस्तादाचा फोन मागून घेतला आणि दादाला लावला. 

"दादा, मी राजीनामा देणार नाही. मी रत्नागिरीतच राहते."

 तो म्हणाला, "अगं, हितं सगळं ठरवून बसलोय की आम्ही. त्या माणसाला काय सांगू?"

"मी नाही म्हणाले म्हणून सांग."

"बरं, ते मी बघतो. पण तू जरा विचार कर. उद्या आजारी पडलीस, काही झालं, तर तिथं तुझं आहे कोण?"

बाई शेजारच्या बाकावर बूट उलटा करून आतला बर्फ झाडत होत्या आणि उस्तादाला फणसपोळी कशी खायची ते हिंदीत समजावत होत्या.

"आहे की," मी म्हणाले. "मे महिन्यात ये तू. भेटवते."